‘कवा आलास?’ असे विचारणारे आमचे वस्ताद

हा लेख लिहायला मी चार महिने टाळाटाळ केली, हे आधीच कबूल करतो. वस्ताद तात्या घरत यांच्या साठाव्या वर्षानिमित्त गौरवग्रंथ काढायचा ठरला, तेव्हा समितीचे प्रमुख, म्हणजे सुरवाडीच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी, यांनी मला पोस्टकार्ड पाठवले. ते मला माणगावच्या बाजारात मिळाले. ‘लिहितो’ असे उलट टपाली कळवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रकवर बसून महाडकडे निघून गेलो. दुसरे कार्ड माझ्यामागून फिरत फिरत कुठेतरी हरवले. तिसऱ्या वेळी गुरुजी स्वतः काशीदला आले. मी तिथे एका मचव्याच्या फटींत कापूस ठोकत बसलो होतो. ते म्हणाले, “लिहिणार नसशील तर तसं सांग. तुझ्या पानावर खताची जाहिरात घेतो.”

शाळा मी सहावीत सोडली, त्यामुळे लिहिण्याची भीती आहे हे खरेच. पण टाळण्याचे कारण ते नव्हते. वस्तादांविषयी लिहायचे तर एक प्रसंग सांगावाच लागतो आणि गुरुजींनी आधीच बजावले होते की मंगल ग्रंथात तो प्रसंग नको. शेवटी मी वस्तादांनाच विचारले. ते ढालीचे कातडे तेल लावून मऊ करत होते. मान वर न करता म्हणाले, “लिवायचा तर ते लिव. न्हायतर माजा गौरव नको.”

म्हणून आज तिसरा दिवस मी तालमीच्या माळ्यावर बसलो आहे. खाली जिन्यापाशी गुरुजी बसले आहेत, मी पळून जाऊ नये म्हणून. कागद उद्याच्या मोटारीने अलिबागच्या छापखान्यात जायचे आहेत.

वस्तादांची आणि माझी पहिली ओळख सहा वर्षांपूर्वीची. मी त्या वेळी एका फिरत्या तंबू-सिनेमाबरोबर तंबूच्या खुंट्या ठोकत हिंडत होतो. तो तंबू नागावला वाऱ्याने फाटला, मालक शिवायला सुई-दोरा आणतो म्हणून गेला तो आलाच नाही, आणि त्या तंबूच्या कापडाचे पुढे काय झाले ही एक वेगळीच गोष्ट आहे, ती इथे नको. मी किनारा धरून दक्षिणेकडे चालत सुटलो आणि सुरवाडीत पोचलो. सुरूच्या बनात कौलारू तालीम दिसली. आत दहाबारा जण फरी-गदगा खेळत होते. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : फरी म्हणजे डाव्या हातातली लहान कातडी ढाल आणि गदगा म्हणजे कातडे चढवलेली दीड हात काठी. तलवारीचा सराव त्यावर करतात.

मी त्याआधी दोन वर्षे मुंबईत, गिरणगावातल्या एका तालमीत हा खेळ शिकलो होतो. तिथे सगळे जोरात मारत. अंगाला गोणपाट गुंडाळायचे आणि फोडून काढायचे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत. मला त्याचा फार अभिमान होता. इथे पाहतो तर गदग्याच्या टोकाला ओला गेरू लावलेला आणि माणसे एकमेकांना नुसते ते टोक टेकवताहेत.

मी दारातूनच म्हणालो, “हा नाच बरा आहे. ढोलकी कुठाय?”

वस्तादांनी माझ्याकडे पाहिले. ठेंगणे, काळेसावळे, खांद्याने रुंद. “ये, तू वाजव,” म्हणाले आणि एक फरी-गदगा माझ्याकडे सरकवला.

मी पहिला वार सगळी ताकद लावून केला. त्यांनी तो फरीवर घेतला. मग त्यांनी माझ्या फरीवर एक वार दिला, तेव्हा माझा डावा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. म्हणजे त्या माणसाला मारता येत नव्हते असे नाही. मी दात खाऊन दुसरा वार उचलला आणि तो खाली यायच्या आत माझ्या कपाळाला काहीतरी गार लागले. दुखले नाही. माशी बसावी तेवढेच.

“मेलास,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

मी हसलो. बाकीच्यांकडे पाहून म्हणालो, “एवढ्याने?” कोणी उत्तर दिले नाही. मला वाटले राग आला असेल. मी तालमीबाहेर आलो, चहाच्या टपरीवर बसलो, चहा मागितला. टपरीवाल्याने किटली उचलली, चहा ओतला आणि तो माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यासमोर ठेवला. मी पुन्हा मागितला. तो माझ्या अंगावरून हात लांब करून पलीकडची साखर घेऊन गेला. म्हातारा सरकत सरकत माझ्या मांडीवर बसायच्या बेतात आला तेव्हा मीच उठलो.

सुरवाडीची ही रीत तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तालमीत ज्याच्या डोक्याला, गळ्याला किंवा छातीला गेरू लागला, तो मेला. मेलेल्याशी गावात कोणी बोलायचे नाही, त्याच्याकडे बघायचे नाही. त्याने समुद्रात जाऊन डोक्यावरून तीन बुड्या मारायच्या, गेरू धुवायचा आणि बाहेर यायचे. मग त्याला विचारायचे, ‘कवा आलास?’ त्याने म्हणायचे, ‘आताच.’ मग तो पुन्हा माणसांत. तिथली मुले हे तासाभरात उरकतात. मला ते माहीत नव्हते. दुपारी एका पोराने दुसऱ्याला मला ऐकू जाईल असे सांगितले, तेव्हा कळले. पण मग माझा हट्ट आडवा आला. म्हटले, नाही धूत. बघू किती दिवस आंधळे होता.

दोन दिवस झाले. पहिला दिवस मजेत गेला. मी लोकांच्या तोंडासमोर नकला केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाच्या एका वाडीत वहिनी भेटल्या. वहिनी म्हणजे पांडू नाखव्यांची बायको, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पण कुंपणाच्या दगडावर केळीच्या पानात भात आणि सुकटीचे तुकडे ठेवले, पाण्याचा हात फिरवला आणि न वळता आत गेल्या. पितरांना ठेवतात तसे. दोन कावळे आले. कावळ्यांच्या आधी मी तो भात खाल्ला. खाताना माझ्या लक्षात आले की कावळे मला भीत नाहीत. ते पानाच्या कडेशी, माझ्या बोटांच्या अंतरावर, शांत बसले होते.

त्यानंतर मला बोलावेसे वाटेना. एकदा स्वतःशी ‘ए’ असे म्हणून पाहिले, तर तो आवाज माझ्या तोंडातून न येता सुरूच्या बनातून आल्यासारखा वाटला. कोणी माझ्याकडे पाहिले नाही तर मी कुठे आहे हे मला कसे कळणार, असा काहीसा विचार डोक्यात फिरू लागला. मी कपाळावरचा गेरू बोटाने चाचपून पाही. तो वाळून घट्ट झाला होता आणि त्याच्याखाली कातडी गार होती. भर उन्हात.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला तेव्हा मी समुद्राकडे निघालो, खरे तर पळालोच. तीन बुड्या मारल्या. तोंड वाळूने घासले. बाहेर येताना पाहतो तर कोरड्या वाळूवर वस्ताद उभे होते. त्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतले होते, म्हणजे बराच वेळ उभे असावेत. नंतर कळले की दोन्ही दिवस ते सकाळपासून काही अंतर राखून माझ्यामागून फिरत होते. काम सोडून. जेवायलासुद्धा गेले नव्हते.

“कवा आलास?” ते म्हणाले.

“आताच,” मी म्हणालो आणि मला रडू आले.

पण एक गोष्ट सांगायची राहते. तो प्रश्न विचारताना वस्ताद माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे, पाण्याकडे होती. माझे उत्तर ऐकूनही ते क्षणभर तसेच थांबले, जणू अजून एक उत्तर यायचे होते. मी मागे वळून पाहिले. ओहोटीचे पाणी होते, दुसरे कोणी नव्हते.

मी सुरवाडीत राहिलो. मग गेलो, पुन्हा आलो. माझे असेच आहे. प्रत्येक वेळी वस्तादांनी ‘कवा आलास?’ एवढेच विचारले, ‘का गेला होतास?’ कधीही नाही. माझ्यासारख्याला याहून मोठा जिव्हाळा दुसरा नसतो.

आता त्यांच्या शिकवण्याविषयी. त्यांची एक पद्धत मी कुठल्याही तालमीत पाहिली नाही. आढ्याला सुंभाने शहाळे टांगायचे आणि गदग्याने पूर्ण वेगात त्यावर वार करायचा, असा की गेरूचा ठिपका उमटावा पण शहाळे हलू नये. हलले तर वार फुकट. मला त्याला आठ महिने लागले. मी एकदा चिडून म्हणालो, “वस्ताद, खऱ्या भांडणात समोरचा असा थोडाच टेकवणार आहे? तो डोकंच फोडणार. मग मार खायची सवय नको?”

“मुंबईत तू किती मार खाल्लास?” त्यांनी विचारले.

“मोजला नाही.”

“मंग मेलास किती येला?”

मी टांगलेल्या शहाळ्याकडे पाहिले.

“गोनपाट बांधून तीन वार खायचे आनि चार द्यायचे, ह्याला तू लढाई बोलतोस. पात्याचा पयला वार खाल्ला की दुसरा द्यायला तू असतोस कुठं? जोरात मारनं खरं नसतं रं. मेल्यावर गप बसाया लागतं, ते खरं.”

मला ते तेव्हा पटले नाही. पण पुढे माणगावला एका ट्रकच्या क्लीनरशी माझी बाचाबाची झाली आणि तो इंजिन फिरवायचे लोखंडी हँडल घेऊन अंगावर आला. पूर्वीचा मी असतो तर दात खाऊन आत घुसलो असतो. त्या दिवशी माझ्या कपाळाला अचानक तोच गारवा जाणवला आणि पाय आपोआप मागे गेले. हँडल मडगार्डवर बसले. मडगार्डला पडलेली खोक पाहिल्यावर क्लीनरसुद्धा पांढरा पडला. आम्ही दोघांनी मग बसून चहा घेतला. त्याचे नाव मी विचारलेच नाही.

आता तो प्रसंग. मला तो गुरुजींनीच सांगितला, माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात, आणि सांगताना ते सारखे चष्मा पुसत होते.

पांडू नाखवा हे वस्तादांचे जोडीदार. दोघे एकाच वस्तादांकडे शिकलेले, एकाच वयाचे. नाखव्यांचा मचवा होता. मासळीचा हंगाम नसला की दोघे दिवसभर खेळत. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत शाळेत समारंभ होता आणि बाहेरचे पाहुणे यायचे होते. दोघांचा खेळ ठेवला. पाहुण्यांना तो टेकवाटेकवीचा खेळ पाहून हसू आले. कोणीतरी म्हणाले, आता आपण स्वतंत्र झालो, आता तरी खरे काहीतरी दाखवा. गुरुजी त्या वेळी तरुण होते, पाहुण्यांपुढे गावाची लाज जाऊ नये असे त्यांना वाटले. त्यांनी पुढे होऊन दोघांना सांगितले, गदग्याची कातडी काढा आणि हात न राखता खेळा.

कातडी काढली. रीत म्हणून गेरू मात्र लावला. वस्तादांचा तिसरा वार नाखव्यांच्या टाळूवर बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाखव्यांच्या कपाळावरून लाल ओघळ आला आणि सगळ्यांना वाटले, गेरू. ओला गेरू तसाच ओघळतो. वस्तादांनी रीतीप्रमाणे ‘मेलास’ म्हणून पाठ केली. नाखवे वळले आणि समुद्राकडे चालू लागले.

गुरुजी म्हणाले, “ते जरा झोकांड्या खात होते. मला वाटलं, पाहुण्यांसाठी सोंग करताहेत. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. अरे, सगळं गाव होतं. दोन्ही बाजूंना. एकानंही विचारलं नाही, पांडू, काय होतंय. मेलेल्याशी बोलायचं नाही ना. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान फिरवली.”

नाखवे पाण्यात शिरले. कोणी मागे गेले नाही. रीत तशीच होती, मेलेल्याने एकट्याने जायचे. तासाभराने वस्तादांनी गदगा धुवायला घेतला तेव्हा टोकाला केस चिकटलेले दिसले. ते धावत गेले. वाळूवर पावले पाण्यापर्यंत गेलेली होती. परतलेली नव्हती. आठ दिवस सगळ्या होड्या फिरल्या, दोन्ही बाजूंचे किनारे पाहिले. काही मिळाले नाही.

त्यानंतर वस्तादांनी रीत मोडली असती तर ते समजण्यासारखे होते. लोकांनी तसे सुचवलेही. त्यांनी मोडली नाही, पण तिच्यात एक भर घातली. ज्याने वार केला त्याने मेलेल्याच्या मागून जायचे, तो बाहेर येईपर्यंत पाण्याकाठी उभे राहायचे आणि ‘कवा आलास?’ हे त्यानेच विचारायचे. दुसऱ्या कोणी नाही. आणि तेव्हापासून वस्ताद स्वतः रोज दिवस कलला की त्या ठिकाणी जाऊन उभे राहतात. ताप असला तरी जातात. जिथे पावले संपली तिथे पाणी कधी पुढे असते, कधी मागे. ते कोरड्या वाळूवर थांबतात, पाण्यात पाय घालत नाहीत. मी एकदा विचारले, का. म्हणाले, “त्यानं येयाचं हाय. मी न्हाय जायाचं.”

मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा उभा राहिलो आहे. वारा नसतानाही तिथे गार वाटते. एकदा त्यांनी रिकाम्या पाण्याला हळूच प्रश्न विचारलेला मी ऐकला. मग एवढा वेळ थांबले, जेवढा वेळ समोरच्याला उत्तर द्यायला लागतो. मग वळले.

वहिनींचे घर वस्तादांनी आपले घर मानले. छपराचे कौल फुटले तर ते बदलायला वस्ताद चढतात. वहिनींनी कुंकू पुसले नाही आणि गावात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढू नये हेही वस्तादांनीच पाहिले. एकदा मी धीर करून वहिनींना विचारले, तुम्हाला वस्तादांचा राग येत नाही का. त्या जाळ्याची भोके सांधत होत्या.

“राग आला न्हाय कसा. पयली दोन वर्सं त्याचं तोंड बघितलं न्हाय. पन दर्या मेलेला मानूस ठेवून घेत न्हाय, पोरा. तीन दिसात परत देतो. आमचा दिला न्हाय. त्या दिशी लांब एक गलबत उभा होता, सांजच्याला नव्हता. ते मेलं न्हाईत. ते मेलेलं हाईत, इतकंच.”

“म्हणजे?”

“म्हंजे कोनी विचारलं न्हाय अजून,” त्या म्हणाल्या आणि सुतळी दाताने तोडली.

गोवा मोकळा झाला त्या वर्षी काही तरुण तालमीत आले आणि म्हणाले, आम्हाला खरेखुरे शिकवा, कातडी काढून. गावात दोन तट पडले. मी तेव्हा जोरवाल्यांच्या बाजूने होतो, हे लपवत नाही. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा एक गदगा काढला, बिनकातड्याचा, काळा पडलेला. तो त्या तरुणांच्या म्होरक्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “मार मला. टाळूवर. खरा मार. मंग मी समुद्राकडं जातो, तू मागं ये आनि उभा ऱ्हा. मी भायेर येईपरेंत उभा ऱ्हायाचा. चौदा वर्सं लागली तर चौदा वर्सं.” त्या मुलाने गदगा जमिनीवर ठेवला. आज तो तालमीतला सर्वांत चांगला खेळाडू आहे. त्याच्या वाराने शहाळे हलत नाही.

वस्तादांची शिस्त, त्यांचा संयम, त्यांचा मायाळूपणा यांविषयी ग्रंथात इतर मंडळी माझ्यापेक्षा शुद्ध भाषेत लिहितीलच. मला एवढेच सांगायचे आहे की ज्यांनी आयुष्यात एकच खरा वार केला, त्यांनी आम्हाला वार म्हणजे काय ते शिकवले. वस्तादांना उदंड आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे मजबूत राहोत, कारण त्यांना उभे राहायचे असते. त्यांच्या डोळ्यांना लांबचे दिसत राहो, कारण ते लांबचेच बघतात. आणि ज्या एका माणसासाठी तो प्रश्न त्यांनी इतकी वर्षे जपून ठेवला आहे, त्याला तो विचारण्याइतका काळ त्यांना नक्की लाभो.

इथे सही करणार होतो. पण आत्ता गुरुजी जिना चढून वर आले.

“झालं का लिहून?”

“झालं.”

“सही करू नकोस,” ते म्हणाले. चष्मा त्यांच्या हातात होता. त्यांच्या मागे जिन्यावर वहिनी उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता आणि त्यांना धाप लागली होती.

“आमचे पान्यात उभे हाईत,” वहिनी म्हणाल्या. “कमरेइतक्या. म्हातारे झालेत, पन उभं ऱ्हानं त्यांचंच हाय. भायेर येत न्हाईत. कोनाशी बोलत न्हाईत. डोक्याला लाल हाय कायतरी. रुमाल हाय का काय, लांबून कळत न्हाय.”

“तुम्ही हाक मारली नाहीत?”

“मी न्हाय विचारायचं,” त्या म्हणाल्या. “ज्यानं मारलं त्यानं.”

माळ्याच्या खिडकीतून किनारा दिसतो. सगळे गाव वाळूवर दोन्ही बाजूंना उभे आहे. कोणी बोलत नाही. मधल्या वाटेने वस्ताद चालले आहेत, हात रिकामे, पाय अनवाणी. रोज ते कोरड्या वाळूवर थांबतात. आज थांबले नाहीत.